शरीराची स्वतःची अफू आणि कॅन्सर : गाठ वाढवते की रोखते?

पेशीवेध (धागाकर्ती)

आरोग्य विभागात दोन दावे सारखे वाचायला मिळतात. पहिला, आनंदी राहा, पळायला जा, एन्डॉर्फिन (शरीर स्वतःच बनवतं ती अफूसारखी द्रव्यं) वाढली की कॅन्सर मागे हटतो. दुसरा, कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन देऊ नका, त्याने गाठ फोफावते. गंमत बघा, दोन्ही दावे एकाच कुळातल्या रेणूंबद्दल आहेत आणि एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. पेशीविभाजन हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. या विषयावर बऱ्यापैकी संशोधन झालंय, पण मराठीत त्याबद्दल सलग कुठे लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा. थोडा लांबेल, सवडीने वाचा.

अफूतलं मॉर्फिन आपल्या चेतापेशींवर इतकं नेमकं बसतं, तर ती बसायची जागा शरीराने मुळात कोणासाठी करून ठेवली आहे, या प्रश्नापासून सगळं सुरू झालं. १९७३ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी या जागा, म्हणजे ओपिऑइड (अफूसारखे रेणू) जिथे बसतात ते रिसेप्टर, दाखवून दिले. १९७५ मध्ये ॲबरडीनच्या ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून दोन चिमुकली पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) वेगळी केली. दोन्हींत फक्त पाच अमिनो आम्लं. पहिली चार सारखी (टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फेनिलॲलनिन) आणि शेवटचं एकीत मेथिओनिन, दुसरीत ल्युसिन. हीच मेट-एन्केफॅलिन आणि ल्यू-एन्केफॅलिन. पुढच्याच वर्षी उंटाच्या पियुषिका (पिट्युइटरी) ग्रंथीतून ३१ अमिनो आम्लांचं बीटा-एन्डॉर्फिन मिळालं. १९७९ मध्ये डायनॉर्फिन आलं.

शरीर ही पेप्टाइडं सुटी सुटी बनवत नाही. आधी एक लांबलचक प्रथिन तयार होतं आणि विकरं (एन्झाइम) त्याचे हव्या त्या ठिकाणी तुकडे करतात. मानवी प्रोएन्केफॅलिनच्या एका साखळीत मेट-एन्केफॅलिनच्या चार प्रती असतात, त्याचीच थोडी लांब रूपं दोन आणि ल्यू-एन्केफॅलिनची एक. बीटा-एन्डॉर्फिन ज्या प्रथिनातून निघतं (पीओएमसी), त्यातूनच एसीटीएच हे संप्रेरकही निघतं. कोणता तुकडा पडणार हे उतीवर अवलंबून असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मूळ प्रयोग. १९८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी इथल्या झॅगॉन आणि मॅक्लॉफ्लिन यांनी उंदरांच्या शरीरात न्यूरोब्लास्टोमा या चेतापेशींच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या आणि त्यांना रोज नॅलट्रेक्सोन टोचलं. नॅलट्रेक्सोन हे ओपिऑइड रिसेप्टर अडवून धरणारं औषध. एका गटाला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे रिसेप्टर दिवसातले चारसहा तास बंद आणि उरलेला वेळ मोकळे. दुसऱ्या गटाला किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे चोवीस तास बंद. पहिल्या गटातल्या फक्त ३३ टक्के उंदरांना गाठ झाली, तीही उशिरा, आणि ते जास्त जगले. दुसऱ्या गटात शंभर टक्के उंदरांना गाठ झाली, लवकर झाली आणि ते लवकर मेले.

औषध एकच, पेशी त्याच, उंदरांची जातही तीच. बदलला तो फक्त रिसेप्टर बंद राहण्याचा काळ, आणि निकाल पार उलटा लागला. ‘ओपिऑइड चांगलं की वाईट’ असं कोणी विचारलं की मला आधी हा प्रयोग आठवतो.

त्यांनी लावलेला अर्थ असा. शरीरातलं एखादं ओपिऑइड पेप्टाइड पेशींच्या वाढीला सतत लगाम घालत असतं. रिसेप्टर चोवीस तास बंद केले तर लगाम सुटतो. थोडा वेळ बंद केले तर पेशी चवताळून जास्त पेप्टाइड आणि जास्त रिसेप्टर बनवतात, आणि बंदी उठली की लगाम आधीपेक्षा घट्ट बसतो. हे पेप्टाइड म्हणजे पाच अमिनो आम्लांचं मेट-एन्केफॅलिनच निघालं. या भूमिकेत त्याला ओपिऑइड ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ओजीएफ, म्हणतात.

ओजीएफ ज्या रिसेप्टरवर बसतं तो म्यू, डेल्टा, कॅप्पा या ओपिऑइड रिसेप्टरच्या ओळखीच्या तीन प्रकारांपैकी नाही. त्याची रचना या तिघांशी जुळतच नाही. तो असतो केंद्रकाच्या आवरणावर. ओजीएफ त्याला चिकटलं की जोडी केंद्रकात शिरते आणि पी१६, पी२१ ही प्रथिनं वाढतात. पेशी विभाजनाआधी डीएनएची नक्कल करायला घेते, त्याच्या उंबरठ्यावर ही प्रथिनं तिला थोपवून धरतात. पेशी मरत नाही. तिचा वेग मंदावतो, आणि ओजीएफ काढून घेतलं की ती पुन्हा आधीच्या वेगाने चालू लागते. स्वादुपिंड, मोठं आतडं, डोकं-मान, अंडाशय अशा कितीतरी मानवी कॅन्सरच्या पेशींत प्रयोगशाळेत हे दिसलं आहे.

मात्र याच्या जोडीला उलट दिशेचा पुरावाही आहे आणि तो झाकून ठेवणं बरं नाही. म्यू रिसेप्टरवर बसणारं मॉर्फिन रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींना वाढायला उत्तेजन देतं, आणि उंदरांत स्तनाच्या गाठीला जास्त रक्तवाहिन्या फुटल्या, असं २००२ मध्ये मिनेसोटातल्या गटाने दाखवलं. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये म्यू रिसेप्टर नेहमीपेक्षा जास्त असतात. कॅप्पाचं मात्र याच्या अगदी उलट. कॅप्पा रिसेप्टरच नसलेल्या उंदरांत गाठी जास्त वाढल्या आणि त्यांना रक्तवाहिन्याही जास्त होत्या. म्हणजे कॅप्पाचा (त्यावर बसणाऱ्या डायनॉर्फिनचा) मार्ग रक्तवाहिन्या आवरतो आणि म्यूचा मार्ग त्यांना मोकळं रान देतो.

तूर्त इथे थांबते. प्रश्न विचारा.

---

रानवाट

वाचनखूण साठवली. उंदरांचा प्रयोग वाचून थक्क झालो. पण मग पळण्याचं काय? मी धावतो, आणि धावल्यावर जे छान वाटतं ते एन्डॉर्फिनमुळेच ना? त्याचा कॅन्सरवर परिणाम व्हायला हवा.

---

पेशीवेध

रानवाट, पियुषिका ग्रंथीतून रक्तात आलेलं बीटा-एन्डॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. म्हणून धावल्यावर रक्तात वाढलेलं मोजलं, तरी मेंदूत काय चाललंय ते त्यावरून सांगता येत नाही. व्यायामाचा काही कॅन्सरचा धोका कमी असण्याशी संबंध आहे, हे पक्कं आहे. पण त्यामागे इन्सुलिन, चरबी, संप्रेरकं, दाह असे बरेच धागे आहेत. सगळं श्रेय एन्डॉर्फिनच्या खात्यावर टाकता येत नाही.

प्रतिकारशक्तीच्या बाजूने मात्र खरोखर काही आहे. नॅचरल किलर पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी. काचपात्रात बीटा-एन्डॉर्फिन आणि एन्केफॅलिन यांनी या पेशींची मारकशक्ती वाढते, हे १९८३ मध्ये दाखवलं गेलं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या दीपक सरकार यांच्या गटाने तर बीटा-एन्डॉर्फिन बनवणाऱ्या चेतापेशी उंदरांच्या मेंदूत रोवल्या, आणि त्या उंदरांत प्रोस्टेट आणि स्तनाच्या गाठी कमी झाल्या.

पण १९८४ चा एक प्रयोग बरोबर उलटा आहे. उंदरांना पायाला विजेचे झटके दिले. झटक्यांची एक पद्धत अशी होती, की त्या ताणात शरीर स्वतःची ओपिऑइड सोडतं. त्या उंदरांच्या नॅचरल किलर पेशी ढिल्या पडल्या, आणि नॅलट्रेक्सोन दिल्यावर हा परिणाम पुसला गेला. म्हणजे ताणाच्या वेळी सुटलेल्या ओपिऑइडने प्रतिकारशक्ती दाबली. तेव्हा ‘एन्डॉर्फिन वाढवा’ एवढ्यावर भागत नाही. ती कोणत्या प्रसंगी, कुठे आणि किती वेळ वाढली हे सांगावंच लागतं.

धावणं सोडू नका. ते इतर दहा कारणांनी चांगलं आहे.

---

अनुजा_व

मला हा धागा फार जवळचा आहे. वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. केमो दोनदा बदलली. आता दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत आणि त्याने त्यांना झोप लागते. नात्यातल्या एकांनी एका ग्रुपवरची माहिती पाठवली आहे, की लो डोस नॅलट्रेक्सोन, ४.५ मिलिग्रॅम, रात्री द्या, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे रुग्ण त्यावर बरे झालेत. आणि मॉर्फिन बंद करा, त्यानेच गाठ वाढते आहे. घरात यावरून रोज वाद होतात. पेशीवेध, तुम्ही वर लिहिलेलं वाचून तर वाटतंय की ते बरोबर सांगत आहेत. काय करू?

---

सांत्वना_परिचारिका

अनुजाताई, बाकी चर्चा नंतर, आधी हे वाचा. मॉर्फिन चालू असलेल्या माणसाला नॅलट्रेक्सोन द्यायचं नाही. कमी डोसमध्येही नाही. नॅलट्रेक्सोन रिसेप्टरवरून मॉर्फिनला ढकलून स्वतः तिथे बसतं. दुखणं एकदम उसळतं, घाम, उलट्या, जुलाब, प्रचंड अस्वस्थता, आणि त्या वेळी मॉर्फिन वाढवूनही उपयोग होत नाही, कारण जागाच अडलेली असते. मी पॅलिएटिव्ह वॉर्डात काम करते. घरच्यांनी आम्हाला न सांगता अशी गोळी दिली आणि रुग्ण तडफडत दाखल झाला, असं मी पाहिलं आहे.

मॉर्फिन अचानक बंदही करायचं नाही. काही बदलायचंच असेल तर ज्या डॉक्टरांनी चालू केलं त्यांच्याशी बोलूनच.

तुमचे वडील झोपतात, हे औषध लागू पडल्याचं लक्षण आहे. जागरण आणि दुखण्याने खंगलेला माणूस जेवत नाही, हालचाल करत नाही, पुढची केमो त्याला झेपत नाही. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन द्यावं, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून सांगितलं आहे आणि आजही तेच सांगते.

---

पेशीवेध

सांत्वना, तुम्ही वेळेवर आलात, आभार. अनुजा, त्यांचं म्हणणं शब्दशः खरं माना.

आता स्वादुपिंडाबद्दल, कारण ओजीएफची माणसांवरची सर्वांत जास्त चाचणी याच कॅन्सरमध्ये झाली आहे. पहिल्या टप्प्यात सुरक्षित मात्रा ठरली : आठवड्यातून एकदा शिरेतून, किलोमागे २५० मायक्रोग्रॅम. दुसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. केमो लागू न पडलेले २४ रुग्ण होते. त्यांची मध्यक आयुर्मर्यादा (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले असा आकडा) ६५.५ दिवस होती आणि उपचार न घेतलेल्यांची २१ दिवस. विषारी परिणाम फारसे नव्हते, हे महत्त्वाचं. पण दिवसांचे हे आकडे नुसते वाचून घाईने कुठे पोचू नका, त्यात एक अडचण आहे. इथे संख्याशास्त्रातलं कोणी असेल तर त्यांनीच सांगावं.

‘रुग्ण बरे झाले’ म्हणतात ते लो डोस नॅलट्रेक्सोन आणि अल्फा-लिपोइक ॲसिड एकत्र दिलेल्या मोजक्या रुग्णांचे वृत्तांत आहेत. अशा वृत्तांतांवरून पुढे चाचणी करावी की नाही एवढंच ठरवता येतं. घरी औषध सुरू करण्याइतका तो पुरावा नाही.

---

मध्यगा

संख्याशास्त्रवाली हजर. ६५.५ आणि २१ या तुलनेत दोन गोष्टी खटकतात.

एक, रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. ओजीएफ घेणारा रुग्ण दर आठवड्याला येऊन शिरेतून औषध घेत होता, म्हणजे तेवढी ताकद त्याच्यात होती. ज्यांनी काहीच उपचार घेतले नाहीत त्यांत आधीच खूप खालावलेले लोक जास्त असणार. दोन गटांतलं अंतर औषधाचं किती आणि सुरुवातीच्या प्रकृतीचं किती, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

दोन, त्याच निबंधात गाठ कमी झालेल्या किंवा स्थिर राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण ६२ टक्के दिलं आहे. ते आठ आठवड्यांहून जास्त जगलेल्यांपैकी आहे. ज्यांची गाठ झपाट्याने वाढली ते त्या आधीच गेले, म्हणजे हिशोबातूनच गळले. उरलेल्यांत स्थिर गाठी जास्त दिसणारच.

संशोधकांनी लबाडी केली असं मी मुळीच म्हणत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या चाचण्या अशाच असतात. पण यापुढे हवी ती यादृच्छिक पद्धतीने गट पाडलेली मोठी चाचणी, आणि तिचे निकाल कुठे दिसत नाहीत.

---

निद्रादूत

मी भूलतज्ज्ञ. ‘मॉर्फिनने कॅन्सर परत येतो’ ही भीती आमच्या शाखेतून पसरली, त्यामुळे तिची पूर्ण गोष्ट सांगणं मला भाग आहे.

२००६ मध्ये १२९ स्त्रियांच्या जुन्या नोंदींचा अभ्यास आला. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत मणक्याशेजारी बधिरीकरणाचं इंजेक्शन दिलेल्या स्त्रियांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण, पूर्ण भूल आणि मॉर्फिन मिळालेल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. आम्ही सगळे हादरलो. कल्पनाही पटण्यासारखी होती : शस्त्रक्रियेच्या वेळी काही पेशी रक्तात सुटतात, त्याच क्षणी ताण आणि ओपिऑइड मिळून नॅचरल किलर पेशींना दाबतात, आणि सुटलेल्या पेशींना रुजायला वाव मिळतो.

मग तो प्रश्न नीट तपासला गेला. २१०८ स्त्रिया, बऱ्याच देशांतली रुग्णालयं, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एकाला प्रादेशिक बधिरीकरण, दुसऱ्याला वायूची भूल आणि ओपिऑइड. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. कॅन्सर परत आला तो एका गटात दहा टक्के आणि दुसऱ्यातही दहा टक्के. काहीही फरक नाही.

पुढे २०२१ मध्ये ट्रिपल निगेटिव्ह (नेहमी तपासले जाणारे तीन रिसेप्टर नसलेल्या) स्तनाच्या कॅन्सरवरचा अभ्यास आला. तोही जुन्या नोंदींचा, म्हणून जपून वाचा. त्यात शस्त्रक्रियेत जास्त ओपिऑइड मिळालेल्यांमध्ये कॅन्सर उलट कमी परतला होता. त्या गाठींत वेगवेगळे ओपिऑइड रिसेप्टर कसे व्यक्त होतात, हेही त्यांनी पाहिलं होतं. पेशीवेध म्हणतात तेच : रिसेप्टर कोणता, कुठे, यावर सगळं आहे.

आज माझ्यासमोर कॅन्सरचा रुग्ण टेबलावर असेल तर गाठ वाढेल या भीतीने मी त्याचं ओपिऑइड एका मिलिग्रॅमने कमी करणार नाही.

---

रानवाट

भूलतज्ज्ञ साहेब, खूप दिलासा मिळाला. माझ्या मावशीच्या वेळी आम्ही याच भीतीने मॉर्फिनचं इंजेक्शन घेऊ दिलं नव्हतं.

---

काचपट्टी

निदानाच्या बाजूने एक भर घालते. मी पॅथॉलॉजीत आहे. ज्यांच्या घरी लिम्फोमा किंवा ल्युकेमियाचा रिपोर्ट आला असेल त्यांनी त्यात ‘सीडी१० पॉझिटिव्ह’ असं वाचलं असेल. बायोप्सीच्या काचेवर तपकिरी रंगात पेशीचा काठ उजळतो, त्यावरून आम्ही ते लिहितो. लहान मुलांच्या सर्वसाधारण ल्युकेमियाची ही जुनी खूण. पूर्वी तिला ‘काला’ (CALLA या इंग्रजी आद्याक्षरांवरून) म्हणत.

१९८८ च्या सुमारास या प्रथिनाची जनुकीय रचना वाचली तेव्हा कळलं, की हे म्हणजे एन्केफॅलिन तोडणारं विकर, नेप्रिलायसिन. ज्या विकराला चेताविज्ञानवाले एन्केफॅलिनेज म्हणून ओळखत होते तेच आम्ही कॅन्सरची खूण म्हणून रंगवत होतो! दुसरं एन्केफॅलिन तोडणारं विकर म्हणजे सीडी१३. तेही मायलॉइड ल्युकेमियाच्या रिपोर्टवर असतं.

म्हणजे काही कॅन्सर पेशींच्या अंगावरच या पेप्टाइडांना कापणाऱ्या कात्र्या असतात. मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. नेप्रिलायसिन इतरही बरीच पेप्टाइडं कापतं, त्यांत वाढीला चालना देणारीही आहेत. म्हणूनच प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये उलटं दिसतं : हे विकर नाहीसं झालं की गाठ जास्त आक्रमक होते.

---

पेशीवेध

काचपट्टी, अप्रतिम प्रतिसाद. तुमच्या काचेवरच्या त्या तपकिरी कडेमुळे मूळ लेखात राहिलेला एक प्रश्न पुढे येतो : गाठी स्वतः ही पेप्टाइडं बनवतात का?

बनवतात. मानवी एन्केफॅलिनच्या मूळ प्रथिनाची पूर्ण रचना १९८२ मध्ये वाचली गेली तीच मुळी अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून, फिओक्रोमोसायटोमातून, कारण तिथे हा माल मुबलक असतो. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरच्या काही गाठी पीओएमसी बनवतात. तुकडे पडताना एसीटीएच बाहेर पडतं आणि रुग्णाला कुशिंग सिंड्रोम होतो : चेहरा गोल, रक्तदाब आणि साखर वाढलेली, पोटॅशियम घसरलेलं. सुरुवातीला म्हटलं होतं ना, कोणते तुकडे पडतात ते उतीवर अवलंबून असतं, ते हेच.

फुप्फुसाचीच आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९९० मध्ये माणेकजी आणि मिन्ना यांनी मानवी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवल्या. ओपिऑइड दिल्यावर त्यांची वाढ दबली. मग त्यात निकोटिन घातलं, तर ओपिऑइडचा परिणाम पुसला गेला. म्हणजे या पेशींना त्यांचा स्वतःचा लगाम आहे आणि निकोटिन तो सैल करतं. धूम्रपानाचे बाकीचे अपराध आपल्याला माहीत आहेतच. हा त्यांच्या रांगेत बसवायला हवा, इतका त्या प्रयोगाचा माझ्यावर ठसा आहे.

स्वादुपिंडात तर आणखी वेगळं. तिथल्या बहुतेक कॅन्सरमध्ये प्रोएन्केफॅलिनचं जनुक मिथाइल गटांनी झाकलेलं, म्हणजे बंद झालेलं सापडतं. निरोगी स्वादुपिंडात ते तसं नसतं. गाठ जर लगामाचं जनुकच बंद करत असेल, तर बाहेरून ओजीएफ देऊन बघावं ही कल्पना तर्काला धरून आहे. मध्यगा यांचे आक्षेप सगळे मान्य करूनही मला वाटतं, की या मार्गाची मोठी चाचणी व्हायलाच हवी होती.

---

उन्हाळी_पक्षी

त्वचेबद्दल काही? उन्हात बसल्यावर बरं वाटतं त्याच्याशी एन्डॉर्फिनचा संबंध आहे असं ओझरतं ऐकलं होतं.

---

पेशीवेध

आहे, आणि त्यात कॅन्सरही आहे. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशीतल्या डीएनएला इजा झाली की पी५३ हे प्रथिन जागं होतं. ते पीओएमसीचं जनुक चालू करतं. त्यातून एक तुकडा त्वचा काळवंडवणारा संदेश देतो आणि दुसरा तुकडा बीटा-एन्डॉर्फिन. २०१४ मध्ये बोस्टनच्या गटाने पाठीचे केस काढलेल्या उंदरांना सहा आठवडे अतिनील प्रकाश दिला. आठवड्याभरात रक्तातलं बीटा-एन्डॉर्फिन वाढलं आणि त्यांची वेदना बोथट झाली. मग ओपिऑइड अडवणारं नॅलॉक्सोन टोचलं, तर उंदीर थरथरू लागले, दात वाजवू लागले. अफूचं व्यसन तोडताना दिसतात तीच लक्षणं. बीटा-एन्डॉर्फिन मुळातच नसलेल्या उंदरांत यातलं काहीच झालं नाही.

जे किरण त्वचेचा कॅन्सर घडवतात त्यांचीच ओढ शरीर स्वतःच्या ओपिऑइडने लावून घेतं, असा याचा अर्थ आहे. टॅनिंगच्या दिव्यांखाली पुन्हापुन्हा जाणाऱ्या लोकांना नुसतं ‘जाऊ नका’ सांगून का भागत नाही, ते यातून थोडं कळतं.

---

सांत्वना_परिचारिका

तोंडाच्या कॅन्सरचं दुखणं अतिशय वाईट असतं, घोटभर पाणी गिळतानाही माणूस कळवळतो. त्यावर या पेप्टाइडांचं काही संशोधन आहे का?

---

पेशीवेध

आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींत म्यू रिसेप्टरचं जनुक मिथाइल गटांनी बंद झालेलं आढळलं. प्रयोगात ते पुन्हा चालू केल्यावर त्या पेशींनी स्वतःच बीटा-एन्डॉर्फिन सोडलं, आणि ज्या उंदरांत त्या गाठी होत्या त्यांचं दुखणं कमी झालं. इथे पेप्टाइड गाठीतून येऊन शेजारच्या चेतातंतूंना शांत करतं. अजून हे प्राण्यांपुरतंच आहे.

---

मध्यगा

अनुजा यांच्या ग्रुपवर लो डोस नॅलट्रेक्सोनचं जे चाललंय, तसंच २०१७ मध्ये जर्मनीत मेथाडोनचं झालं होतं. मेथाडोन हेही ओपिऑइड औषध. काचपात्रातल्या ल्युकेमियाच्या पेशींवर आशादायक प्रयोग झाले होते. टीव्हीवर कार्यक्रम झाला आणि रुग्ण डॉक्टरांकडे मेथाडोनच मागू लागले. शेवटी तिथल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेला जाहीर सांगावं लागलं, की चाचण्यांबाहेर हे देण्याइतका पुरावा नाही. त्यातून एक चांगली गोष्ट झाली : मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये रीतसर चाचणीला निधी मिळाला. लोकांचा रेटा चाचणीकडे वळला तर त्याचा उपयोग होतो.

---

अनुजा_व

सगळ्यांचे मनापासून आभार. सांत्वनाताईंचा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला. डॉक्टरांशीही बोलले. नॅलट्रेक्सोनची गोळी आणलेली नाही आणि मॉर्फिन तसंच चालू आहे. आता एकच त्रास, बाबांना शौचाला अजिबात होत नाही. त्यावरूनच काकांनी परत ‘मॉर्फिन बंद करा’ सुरू केलंय. आणि पेशीवेध, गाठीवरचा मॉर्फिनचा परिणाम अडवायचा आणि दुखणं मात्र थांबलेलं ठेवायचं, असं करताच येत नाही का?

---

सांत्वना_परिचारिका

अनुजाताई, मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून रेचक लागतंच. शरीराला मॉर्फिनच्या गुंगीची सवय होते, मळमळीची होते, बद्धकोष्ठाची होत नाही. आतड्यात म्यू रिसेप्टर असतात, ते आतड्याची हालचाल मंदावतात. डॉक्टरांना सांगून आतड्याला चालना देणारं रेचक सुरू करा. नुसत्या इसबगोलावर राहू नका, पाणी कमी जात असेल तर त्याने आणखी घट्ट होतं. तीन दिवसांच्या वर अडलं, पोट फुगलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी दाखवा. स्वादुपिंडाच्या आजारात आतडं खरंच अडलेलंही असू शकतं, आणि तसं असेल तर रेचक द्यायचं नसतं.

---

पेशीवेध

अनुजा, तुमच्या दोन्ही प्रश्नांना जोडणारं एक औषध आहे, मिथाइलनॅलट्रेक्सोन. नॅलट्रेक्सोनला एक जादा मिथाइल गट जोडला की रेणूवर विद्युतभार येतो आणि तो मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे मेंदूतलं वेदनाशमन तसंच राहतं आणि आतड्यातला म्यू रिसेप्टर मोकळा होतो. ओपिऑइडमुळे झालेल्या आणि रेचकाने न हटणाऱ्या बद्धकोष्ठासाठी ते २००८ पासून वापरात आहे. आतडं अडलेलं असेल तर तेही चालत नाही, सांत्वना म्हणतात ते आधी तपासायचं.

याच औषधाने गाठीवरचे म्यू रिसेप्टरही अडतील का, हा शिकागोच्या गटाचा प्रश्न. उंदरांत फुप्फुसाच्या गाठींची वाढ आणि पसरणं त्याने कमी झालं. बद्धकोष्ठावरच्या जुन्या चाचण्यांतल्या कॅन्सर रुग्णांचे आकडे २०१६ मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा ज्यांना औषध लागू पडलं ते जास्त जगलेले दिसले. मध्यगा लगेच सांगतील की ज्यांचं आतडं औषधाला दाद देतं त्यांची प्रकृती मुळात बरी असणार, आणि ते खरंच आहे. म्हणून वडिलांच्या डॉक्टरांना हे औषध विचारायचं ते पोट साफ होण्यासाठी. गाठीसाठी म्हणून विचारू नका.